मांडवीचा पूल आणि न दिसणारा गंज

१/ ५ जुलै १९८६. ऐन पावसाळ्यात पणजीचा मांडवी नदीवरील नेहरू पूल कोसळला. १९७० साली बांधून झालेल्या या पुलाचे वय अवघे १६ वर्षांचे होते. पणजी आणि बारदेश यांना जोडणारा दुवा तुटला आणि प्रवाशांची भिस्त पुन्हा फेरीबोटींवर आली.

२/ पूल पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा होता. अशा पुलात काँक्रीटच्या पोटातील नळ्यांमधून पोलादी तारा ओवून ताणतात. ताणलेल्या तारा आखडू पाहतात, काँक्रीटला दाबून धरतात आणि त्या दाबावर पूल तोलला जातो. मांडवीवर नेमक्या याच तारांना गंजाने पोखरले होते.

३/ गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया. पोलादाचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडून झिजतो, दुसरा ते स्वीकारतो. जणू धातूच्या अंगावरच छोटी बॅटरी सुरू होते. ओल तिला मार्ग देते, खाऱ्या हवेतील मीठ तिचा वेग वाढवते.

४/ यावरचा उपाय जुना आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश जहाजांच्या तळाच्या तांब्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले, तांबे वाचले. पण तांबे विरघळेना, तेव्हा त्याचे विषही पाण्यात उतरेना. तळाला शेवाळ आणि शंखशिंपले चिकटून जहाजे मंदावली.

५/ १९२८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कून यांनी न्यू ऑर्लिन्स येथील गॅसवाहिनीला बाहेरून वीजप्रवाह देऊन तिचे रक्षण केले. आज जमिनीखालच्या तेल-वायू वाहिन्या आणि बंदरांतील पोलादी खांब याच ‘ऋणाग्री संरक्षणा’वर टिकून असतात.

६/ मग ताणलेल्या तारांना हाच उपाय का लागू करत नाहीत? धातूच्या नळीआड असलेल्या तारेपर्यंत प्रवाह नीट पोहोचत नाही. तो प्रमाणाबाहेर गेला, तर निर्माण होणारा हायड्रोजन उच्च ताणाच्या पोलादाला ठिसूळ करतो. म्हणजे औषधानेच रोगी दगावायचा.

७/ म्हणून तारांचा खरा रक्षक रासायनिक असतो: नळीत भरलेले सिमेंटचे ग्राउट. त्याच्या अल्कधर्मी स्वभावामुळे पोलादावर संरक्षक थर बसतो. नळीत पोकळी राहिली आणि तेथे खारी ओल शिरली, की तो थर फुटतो. बाहेरून मात्र काँक्रीट धडधाकट दिसते.

८/ मांडवीवर नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला. पुढे झुआरीवरील १९८३ च्या पुलावरही अवजड वाहनांना बंदी घालावी लागली. नळी एकदा बंद झाली की तिच्यातील चूक दिसत नाही आणि नंतर सहजासहजी सुधारताही येत नाही. खाडीवरच्या पुलाचे आयुष्य बरेचसे ग्राउट भरण्याच्या त्या दिवशीच ठरलेले असते.