नाळेतली नळी आणि आईचा गुन्हा

१९८५ साली शिकागोचे डॉ. आयरा चॅसनॉफ यांनी कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ गर्भवतींची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, आईने प्रसूतीच्या तोंडावर कोकेन घेतलेल्या एका बाळाच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याची नोंद त्यांनी केली. कोकेन रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब चढवते. त्यामुळे दोष कोणाचा, याबद्दल अमेरिकेत कोणाला शंका उरली नाही. वर्तमानपत्रांनी या मुलांना ‘क्रॅक बेबी’ हे नाव देऊन टाकले.

मी डॉक्टर नाही. पण त्या काळचे वैद्यकीय निबंध वाचताना वेगळ्याच जागी अडखळलो. अत्यवस्थ नवजाताच्या नाळेतील धमनीतून महाधमनीपर्यंत नळी सरकवण्याची पद्धत १९६०च्या दशकात रुळली. १९७२मध्ये क्ष-किरण चित्रांत दिसले, की तपासलेल्या बहुतेक बाळांत या नळीशी गुठळी धरली होती. अशी गुठळी मूत्रपिंडाच्या धमनीत अडकली, की रक्त कमी पडलेले मूत्रपिंड रेनिन सोडते आणि रक्तदाब भडकतो. म्हणजे गुठळी आणि रक्तदाब ही जोडी नशेशिवायही, खुद्द उपचारातूनच उद्भवू शकत होती.

तिच्यावरचे इलाजही धारेवरचे. आधी नळी काढायची, मग हेपॅरिन. जिवावर बेतले तर गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज किंवा युरोकायनेज. पण त्याने कोवळ्या मेंदूत रक्तस्राव होण्याची धास्ती. रक्तदाबासाठी कॅप्टोप्रिल आले, ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून घडलेले. त्याची मात्रा जराशी जास्त झाली, तरी नवजाताचा रक्तदाब कोसळतो, लघवी बंद पडते. अशा वेळी डॉक्टरला खरी हकीकत हवी असते: आईने काय घेतले, कधी घेतले, नळी किती दिवस होती.

नेमकी हीच हकीकत सांगणे धोक्याचे झाले. १९८९पासून दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनच्या सरकारी रुग्णालयात गर्भवतींची लघवी संमतीविना तपासून निकाल पोलिसांकडे जाऊ लागले. ३० स्त्रियांना अटक झाली. त्यांपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी अशी तपासणी घटनाबाह्य ठरवली.

दरम्यान फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट २२४ बाळांचा दोन दशकांहून अधिक काळ माग ठेवत होत्या. कोकेनचा संसर्ग झालेली आणि न झालेली मुले बुद्धीच्या चाचण्यांत जवळपास सारखीच निघाली. दोन्ही गट गरीब वस्तीतले होते आणि दोन्ही मागे पडत होते.

कोकेन निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही. पण नळीने धरलेली गुठळी रुग्णपत्रिकेत नोंदली गेली आणि आईचे कोकेन पोलीस ठाण्यात. बाळाच्या इलाजाला मात्र दोन्ही नोंदी एकाच कागदावर हव्या होत्या.