पंधरा किलोंची बॅग आणि फिंच साहेबांचा कोट

"बाबा, मी तीन महिने नेपाळला चाललेय. खुंबूतल्या एका शाळेत शिकवायला." आमच्या धाकट्या लेकीनं गेल्या वर्षी जेवताना जाहीर केलं आणि घरात एकच गडबड उडाली. लंडनमध्ये वाढलेली मुलगी, त्यात सर्दीचा कोठा, आणि जायचं पावणेचार हजार मीटर उंचीवर! हिनं लगेच माळ्यावरून माझा जुना ओव्हरकोट काढला. त्या एकट्याचंच वजन चार किलो. लुक्ल्याच्या छोट्या विमानात सामान न्यायचं पंधरा किलो. लेक म्हणाली, "आई, जाड कपडे नकोत, थर हवेत."

मला मात्र १९७८ साल आठवलं. कॉलेजच्या सहलीत आम्ही रोहतांगला गेलो होतो. अंगात सुती बनियन, वर आईनं विणलेला जाडजूड स्वेटर. चढताना घामानं बनियन भिजलं, माथ्यावर वारा सुटला आणि स्वेटर असूनही दातावर दात वाजायला लागले. मित्रांनी पाठ चोळून चोळून खाली आणलं. थंडीनं नव्हे, स्वतःच्या घामानं मी गारठलो होतो, हे कळायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. त्यामुळे लेकीच्या बॅगेत नेमकं काय जातंय हा माझ्यासाठी थट्टेचा विषय नव्हता. मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता थेट पुण्याला पोहोचलो. कसा, ते सांगतो.

१९२२ साली ब्रिटिश गिर्यारोहकांची तुकडी एव्हरेस्टवर चढाई करायला निघाली. तेव्हाचा शिरस्ता म्हणजे आत लोकरी आणि रेशमी कपडे, वर गॅबर्डिन आणि ट्वीड. त्या तुकडीत जॉर्ज इंगल फिंच नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, झुरिकमध्ये शिकलेला रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं स्वतःसाठी एक वेगळाच कोट करवून घेतला होता. हवेत उडणाऱ्या फुग्यांना वापरतात तसलं वारा न शिरणारं कापड, आणि आत आयडर बदकांची पिसं भरून घातलेल्या शिवणी. बाकीच्यांनी त्याची भरपूर टिंगल केली. पुढे वर वारं झोंबायला लागलं तेव्हा हसणाऱ्यांनाच त्या कोटाचा हेवा वाटला. २७ मे १९२२ रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस सिलिंडरमधला प्राणवायू वापरत सुमारे ८,३२० मीटरपर्यंत गेले. तोवर इतक्या उंचीवर कोणीच पोचलं नव्हतं.

या कोटातली युक्ती आपल्याला नवी नाही. पीस स्वतः ऊब देत नाही, ते हवा अडवून धरतं आणि अडलेली हवा आपल्याच अंगाची ऊब राखते. आजीची गोधडी दुसरं काय करते? जुन्या लुगड्यांचे थर आणि मधे कोंडलेली हवा. फक्त दोन्ही भिजले की कामातून गेले. म्हणून बाहेर वारा-पाऊस अडवणारं कापड हवं, आणि अंगालगत घाम धरून न ठेवणारं. माझं बनियन नेमकं इथेच नापास झालं होतं.

इतकं करूनही १९२४ च्या मोहिमेत फिंचना घेतलं नाही. मोहिमेच्या समितीशी त्यांचं बिनसलं होतं. त्याच मोहिमेत ८ जूनला मॅलरी आणि अर्विन शिखराकडे गेले ते परतलेच नाहीत. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला. त्याच्या अंगावर सुती, रेशमी आणि लोकरी कपड्यांचे एकावर एक थर होते. २००६ मध्ये तसेच कपडे शिवून एव्हरेस्टवर घालून पाहिले गेले. हवा चांगली असेल तर ते पुरेसे उबदार, शिवाय हलके निघाले. म्हणजे थरांचं गणित तेव्हाही ठाऊक होतं. रात्र उघड्यावर काढण्याइतकी ऊब मात्र त्यांत नव्हती.

आता पुण्याची गोष्ट. हेच फिंच १९५२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर होते. २९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनसिंग शिखरावर पोचले तेव्हा त्या मोहिमेत पिसांचे कपडेही होते आणि प्राणवायूही. ज्या दोन गोष्टींसाठी फिंचनी टीका सोसली, त्याच कामी आल्या, आणि तेव्हा हा माणूस आपल्या पाषाण रस्त्यावर होता! शाळेत असताना मी त्या फाटकावरून शेकडो वेळा सायकलनं गेलो असेन. कोणी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

लेक ज्या भागात गेली तिथली शाळेची परंपराही हिलरींपासूनची. शेर्पांच्या मागणीवरून त्यांनी १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा बांधली, १९६६ मध्ये शेजारच्या खुंदेला रुग्णालय उभं राहिलं. परदेशी स्वयंसेवक तेव्हापासून तिकडे जात आहेत.

अखेर ओव्हरकोट माळ्यावर परत गेला. बॅगेत गेले लोकरीचे दोन पातळ बनियन, एक फ्लीस, एक पिसांचं जॅकेट, वारा-पाऊस अडवणारा वरचा कोट, टोपी, हातमोजे, चार जोड लोकरी मोजे आणि काळा चष्मा. तिथे विरळ हवेत ऊन भाजतं आणि ढग आला की लगेच हुडहुडी भरते. जीन्सच्या दोन पँट मी हट्टानं काढून ठेवायला लावल्या.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, इथल्या आज्या एकच झगा घालतात. ऊन तापलं की एक बाही काढून कमरेला बांधतात, गार झालं की परत चढवतात. आपण एवढी पुस्तकं वाचली!"

तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा बॅग निम्मी रिकामी होती. जॅकेट आणि हातमोजे तिनं परतीच्या वाटेवर तिचं ओझं वाहणाऱ्या भारवाहकाला दिले होते. तो साध्या स्वेटरवर चालत होता म्हणे. १९२२ च्या त्या मोहिमेत हिमकडा कोसळून सात भारवाहक गेले होते, ते मला तेव्हा आठवलं. हिनं लेकीला एवढंच विचारलं, "मग तू काय घालून आलीस?"

"थर, आई," ती म्हणाली.