देहांत रक्त किती ?

मनुष्याची उंची काठीनें मोजतां येते, वजन तराजूनें करतां येतें. परंतु त्याच्या देहांत रक्त किती आहे हें पाहण्याचा सरळ उपाय नाहीं. तें सारें बाहेर काढून मोजावें, तर मनुष्यच उरत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा इतिहास हा अनुमानाचा इतिहास झाला आहे. आणि तें अनुमान कोणाच्या देहावरून बसविलें व कोणाच्या देहास लाविलें, हाच त्यांतील विचारणीय भाग होय.

आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानांत देहांतील द्रवांचीं परिमाणें दिलीं असून रक्त आठ अंजलि सांगितलें आहे. आधुनिक शोध प्राचीनांस अगोदरच ठाऊक होते असें सिद्ध करण्याची हौस आम्हांस नाहीं. तथापि तेथील दोन अटी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अट ही कीं, अंजलि ज्याची त्यानें आपलीच घ्यावयाची. दुसरी ही कीं, हें प्रमाण कमीजास्त होणारें असून तर्कानेंच जाणावयाचें आहे.

युरोपांत हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तो परिमाणाच्याच बळावर. हृदय अर्ध्या तासांत जितकें रक्त पुढें ढकलतें तितकें सबंध देहांतहि मावणार नाहीं. तेव्हां तेंच रक्त फिरून येत असलें पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु एकंदर रक्त नेमकें किती, हें मोजण्याचें साधन त्याजपाशीं नव्हतें. तें मोजण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेल्कर, बिशॉफ प्रभृति जर्मन शास्त्रज्ञांनीं केला. देहदंड झालेल्या गुन्हेगारांचीं शरीरें प्रयोगास घेण्यांत आलीं. सांडलेलें रक्त मोजावयाचें, रक्तवाहिन्यांत उरलेलें पाण्यानें धुऊन काढावयाचें, आणि त्या पाण्याच्या रंगावरून त्याचा हिशेब करावयाचा, अशी ही रीति. तींतून निघालेला ‘वजनाचा तेरावा हिस्सा’ हा आंकडा पुढें कित्येक वर्षें पाठ्यपुस्तकांतून चालत राहिला.

जिवंत माणसाचें रक्त मोजण्याची युक्ति मूलतः घरगुती आहे. भांड्यांत पाणी किती हें ठाऊक नसेल, तर मोजून साखर घालावी, ढवळावी आणि एक चमचाभर काढून त्याची गोडी तपासावी. जितकी गोडी कमी, तितकें पाणी अधिक. हाल्डेन व लॉरेन स्मिथ यांनीं १९०० सालीं साखरेच्या जागीं कार्बन मोनॉक्साइड वायूची मोजकी मात्रा योजिली व रक्त सरासरीनें वजनाचा विसावा हिस्सा ठरविलें. १९१५ सालीं कीथ, राउंट्री व जेराटी यांनीं रक्तांत रंग सोडून पाहिलें. त्यांचा आंकडा दर किलोग्रॅमास सुमारें ८५ घन सेंटिमीटर, म्हणजे हाल्डेनच्या दीडपटीहूनहि अधिक आला. दोघेहि जाणते, दोघेहि प्रामाणिक. परंतु वायु चिकटतो लाल पेशींस, रंग मिसळतो त्यांच्या भोंवतालच्या द्रवांत. मापाचें साधन बदललें कीं मापहि बदलतें, हा धडा शास्त्रज्ञांस येथें मिळाला. पुढें १९५० सालीं ग्रे व स्टर्लिंग यांनीं किरणोत्सर्गी क्रोमियमनें लाल पेशींवर खूण करण्याची रीति दिली, तेव्हां या मापांस अधिक निश्चितपणा आला.

पण रुग्णाच्या खाटेपाशीं असे प्रयोग करण्यास वेळ कोठला? तेथें उंची व वजन यांवरूनच अंदाज हवा. निव्वळ वजन कां पुरत नाहीं, हें आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील वाचकांस सांगण्यास कापसाखेरीज दुसरा दाखला नको. ज्या खामगांवच्या कापूसबाजारासाठीं १८७० सालीं लोहमार्गाची शाखा निघाली, तेथील कोणीहि व्यापारी सांगेल कीं, गाडीचें वजन म्हणजे रुईचें वजन नव्हे. सरकी वजा जातां रुईचा उतारा किती पडतो तें पाहावें लागतें. देहाचेंहि तसेंच. चरबीच्या वजनांत रक्त थोडें. स्थूल माणसांत रक्ताचें प्रमाण कमी पडतें, हें हाल्डेननेंहि नमूद केलें होतें.

यावर तोड म्हणून ॲलन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं वजनाच्या जोडीस उंचीचा घन घेतला. एकाच घाटाच्या भांड्यांची सामाई उंचीच्या घनाप्रमाणें वाढते. त्यामुळें उंचीचा घन हा देहाच्या मूळ बांध्याचा निदर्शक होतो. १९६२ सालीं नॅडलर, हिडाल्गो व ब्लॉक यांनीं अमेरिकेंत जें सूत्र प्रसिद्ध केलें, तें आजहि वापरांत आहे. पुरुषांसाठीं तें असें: मीटरांतील उंचीच्या घनास ०.३६६९ नें गुणावें, किलोग्रॅमांतील वजनास ०.०३२१९ नें गुणावें, आणि बेरजेंत ०.६०४१ मिळवावे, उत्तर लिटरांत येतें. १६५ सेंटिमीटर उंचीच्या ५५ किलोच्या पुरुषाचें रक्त यावरून ४.०२ लिटर ठरतें. तोच ७५ किलोचा झाला तर ४.६७ लिटर, वजन तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढलें, रक्त मात्र सहाव्या हिश्शानें. स्त्रियांचे गुणक निराळे आहेत. त्यांप्रमाणें १५० सेंटिमीटर उंचीच्या ४५ किलोच्या स्त्रीच्या देहांत अवघें २.८७ लिटर रक्त भरतें.

हे आंकडे शेगांवीं वा मेहकरास रक्तदानाचें शिबिर भरतें तेव्हां अर्थपूर्ण होतात. भारतांतील नियमाप्रमाणें ४५ किलोच्या दात्याकडून ३५० मिलिलिटर आणि ५५ किलोहून अधिक वजनाच्या दात्याकडून ४५० मिलिलिटर रक्त घेतां येतें. १८० सेंटिमीटर उंच व ८० किलो वजनाच्या पुरुषास ४५० मिलिलिटर म्हणजे त्याच्या रक्ताचा साडेआठ टक्के भाग. वरील स्त्रीस ३५० म्हणजे बारा टक्के. निरोगी देह ही तूट भरून काढतो, म्हणून रक्तदानास भिण्याचें कारण नाहीं. परंतु पिशवीवरील आंकडा लहान असला तरी दान लहान नसतें, हें यजमानांनीं ओळखावें.

शिवाय सूत्र रक्ताचा सांठा सांगतें, कस सांगत नाहीं. पांडुरोगी स्त्रीच्या देहांत रक्त जवळजवळ तितकेंच भरेल, पण तें फिकें असेल. म्हणून दात्याचें हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरांस निदान १२.५ ग्रॅम असावें, असा निराळा नियम करावा लागला. गर्भारपणांत रक्त पुष्कळ वाढतें, तेंहि सूत्रास ठाऊक नाहीं. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर रक्त गेलें तर डॉक्टर तो अतिस्राव समजतात. परंतु लहान चणीच्या अशक्त मातेस त्याहून कमी स्रावहि जड जाऊं शकतो.

निरोगी माणसें मोजून बसविलेलें प्रमाण हें उत्तम अनुमान आहे. अनुमान याहून अधिक त्यास मानूं नये. सूत्र अमेरिकेचें असो वा मेहकरचें, ज्याच्या दंडांत सुई टोंचावयाची त्याची अंजलि केवढी, हें त्याच्याकडेच पाहून ठरविलें पाहिजे.