शिकार आणि पक्ष्यांच्या संख्येचे चक्र : रेड ग्राउजचे उदाहरण

ब्रिटनच्या डोंगराळ माळरानांवर दरवर्षी १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर या कालावधीत रेड ग्राउज या पक्ष्याची शिकार केली जाते. तित्तिर पक्ष्याशी साम्य असलेल्या या पक्ष्याची संख्या काही वर्षे वाढत जाते, नंतर वेगाने घटते आणि पुन्हा वाढू लागते. उत्तर इंग्लंडमध्ये हे चक्र सामान्यतः ४ ते ५ वर्षांत पूर्ण होते. स्कॉटलंडमध्ये त्यास अधिक काळ लागतो. शिकारीचा या चक्रावर होणारा परिणाम ती चक्राच्या कोणत्या टप्प्यात होते, यावर बव्हंशी अवलंबून असतो.

चक्राची कारणे

संख्या अकस्मात घटण्याच्या कारणांचा शोध घेण्यासाठी १९०५ मध्ये लॉर्ड लोव्हॅट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. अंटार्क्टिकाचे संशोधक एडवर्ड विल्सन यांनी तिच्यासाठी काम केले. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समितीच्या अहवालाने पक्ष्यांच्या आतड्यांतील एका परजीवी कृमीकडे बोट दाखवले. या कृमीच्या अळ्या हेदर या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांवर चढतात आणि अन्नाबरोबर पक्ष्याच्या पोटात जातात. पक्ष्यांची दाटी वाढली की संसर्ग वाढतो आणि प्रजननक्षमता घटते. पीटर हडसन, अँड्र्यू डॉबसन व डेव्हिड न्यूबॉर्न यांनी उत्तर इंग्लंडमध्ये पक्ष्यांना कृमिनाशक औषध दिले असता संख्येतील घसरण सौम्य झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या मतानुसार, संख्या वाढते तेव्हा नर अधिक आक्रमक होऊन आपापल्या हद्दी राखतात. परिणामी तरुण पक्ष्यांना जागा मिळत नाही. ईशान्य स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट मॉस, अॅडम वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढीच्या टप्प्यात काही नर हटवले, तेव्हा अपेक्षित घसरण टळली. हा प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिकारीचे दोन परिणाम

दोन्ही स्पष्टीकरणांतून एकच सूत्र हाती येते. वाढीच्या काळात पुरेसे पक्षी टिपल्यास दाटी कमी होते आणि पुढील घसरण सौम्य होऊ शकते. याउलट, संख्या घटू लागल्यावरही पूर्वीच्याच प्रमाणात शिकार चालू राहिल्यास घसरण अधिक खोल जाते. त्यामुळे गतवर्षीच्या आकड्यांवरून यंदाची मर्यादा ठरवणे धोक्याचे असते.

शिकारीत मारलेले पक्षी हिवाळ्यात तसेही मरण पावले असते, हा युक्तिवादही पूर्णतः टिकत नाही. रेड ग्राउजशी निकटचे नाते असलेल्या विलो टार्मिगन या पक्ष्याबाबत नॉर्वेत १९९६ ते १९९९ दरम्यान एक प्रयोग झाला. त्यात काही क्षेत्रांत शिकार बंद ठेवण्यात आली, तर अन्यत्र १५ व ३० टक्के पक्षी मारण्याचे उद्दिष्ट होते. शिकारीमुळे झालेल्या हानीपैकी सुमारे एक तृतीयांश हानीच निसर्गतः भरून निघाली.

मोजणीचे महत्त्व

शिकारीच्या नोंदवह्यांमध्ये मारलेल्या पक्ष्यांची संख्या असते, हयात पक्ष्यांची नसते. म्हणूनच ब्रिटनमध्ये वसंत ऋतूत आणि जुलैमध्ये प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने पक्ष्यांची मोजणी केली जाते. अपुरी पैदास दिसून आल्यास त्या वर्षी शिकार रद्द केली जाते. कृमींना आळा घालण्यासाठी, पक्षी पचनासाठी गिळतात ती बारीक खडी औषधाचा लेप देऊन माळरानावर ठेवली जाते. मात्र औषधामुळे चक्र मंदावले तरी मोजणीची गरज संपत नाही. घसरणीनंतर उरलेले थोडे पक्षीच पुढील वाढीचा आधार असतात.