दृष्टिदोष-शस्त्रक्रिया आणि हवाई दलातील वैमानिकाची पात्रता (हुबळी-धारवाड)

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी स्वच्छमंडलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, केली जाणारी लेसर शस्त्रक्रिया आणि ती झालेल्या उमेदवाराला भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेत घेण्याविषयीचे वैद्यकीय निकष. पीआरके आणि लॅसिक हे या शस्त्रक्रियेचे प्रमुख प्रकार होत. शस्त्रक्रिया झाली म्हणून उमेदवार बाद होत नाही. मात्र ती कोणत्या वयात, किती नंबरावर आणि कोणत्या पद्धतीने झाली यावर सारे ठरते.

हुबळी-धारवाडात हा प्रश्न घरोघरी निघतो, याला कारणे आहेत. धारवाडचा सप्तापूर भाग स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी उत्तर कर्नाटकात ओळखला जातो. जवळच बेळगावला सांबऱ्याचे हवाई दलाचे ठाणे आणि राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, विजापूरला सैनिक स्कूल आहे. हुबळी नेत्रोपचारासाठी जुनी प्रसिद्ध; एम. एम. जोशी नेत्रसंस्थेत आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. लेसरची सोय आणि फौजेची ओढ अशी एकाच गावात असली, की बारावीच्या सुट्टीत ‘एकदाचा नंबर काढून टाकू’ असे ठरायला वेळ लागत नाही. उड्डाण शाखेचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे सर्वांत मोठे नुकसान याच निर्णयात होऊ शकते.

निकष असा, की शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांआधी झालेली नसावी. आधी झाली असेल तर पुढे कितीही स्वच्छ दिसले तरी उपयोग नाही, कारण शस्त्रक्रियेची तारीख मागे नेता येत नाही आणि पुढेही ढकलता येत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नंबर अजून वाढत असू शकतो. लेसरने पडद्याला दिलेला आकार वाढत्या नंबराला पुरत नाही, हे त्यामागचे साधे कारण. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणून प्रबोधिनीतून वैमानिक व्हायचे तर डोळ्यांना मुळातच उणे नंबर नको, तिथे लेसरचा मार्ग उरतच नाही. उणे नंबराच्या विद्यार्थ्यासाठी वाट आहे ती पदवीनंतरची: ॲफकॅट (हवाई दलाची सामाईक प्रवेश परीक्षा), सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) किंवा एनसीसीचा विशेष प्रवेश. अभ्यासक्रम सुरू होताना वय २० ते २४ लागते. व्यावसायिक वैमानिक परवाना असलेल्यांना २६पर्यंत सवलत आहे. शस्त्रक्रियेनंतर किमान १२ महिने जावे लागतात. म्हणजे विसाव्या वाढदिवसानंतर लगेच शस्त्रक्रिया केली तरी एकविसाव्या वर्षाआधी डोळे तपासणीस पात्र होत नाहीत. हाती उरतात जेमतेम तीन वर्षे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्याने हा हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करावा.

उरलेल्या अटींचा अर्थ डोळ्याची रचना पाहिल्याशिवाय लागत नाही. स्वच्छमंडलाची मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर नंबराच्या एका डायॉप्टरमागे सुमारे १२ ते १५ मायक्रॉन पडदा घासून काढतो. हवाई दलाला शस्त्रक्रियेनंतर किमान ४५० मायक्रॉन जाडी लागते, आणि आधीचा नंबर ६ डायॉप्टरपेक्षा जास्त चालत नाही. या दोन अटी एकमेकींशी बांधलेल्या आहेत: ५४० मायक्रॉनच्या पडद्यावरून ६ डायॉप्टर काढले की उरणारी जाडी ४५०च्या आसपासच येते. ज्याचा पडदा मुळातच ५०० मायक्रॉनचा आहे आणि नंबर उणे ५, त्याचा हिशेब जमत नाही. पातळ पडद्याच्या मुलाला हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी सांगायला हवे. जाडी मोजणाऱ्या पॅकिमीटरने ते मिनिटभरात कळते.

तिसरी अट डोळ्याच्या लांबीची: २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. सामान्य डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. एक मिलिमीटर वाढला की साधारण अडीच-तीन डायॉप्टरचा उणे नंबर येतो. लेसर पुढचा पडदा सपाट करतो, पण नेत्रगोल लांबट आहे तसाच राहतो आणि मागचे दृष्टिपटल ताणलेलेच असते. अशा डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही कायम असतो. लेसरने नंबर गेला म्हणजे डोळा बदलला असे समजणाऱ्यांना ही अट अन्यायाची वाटते; ती तशी नाही.

आरके, म्हणजे पडद्याला सुरीने चिरा देण्याची जुनी पद्धत, कोणत्याही शाखेत चालत नाही. चिरलेला पडदा उंचावरच्या विरळ हवेत आकार बदलतो. १९९६ साली एव्हरेस्टवर बेक वेदर्स या गिर्यारोहकाची दृष्टी आरकेमुळेच वरच्या टप्प्यात जवळजवळ गेली होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेलाही अपात्र. रंगदृष्टीचा दोष लेसरने सुधारत नाही, आणि वैमानिकासाठी रंगदृष्टीची सर्वोच्च श्रेणी लागते.

लेसर शस्त्रक्रियेच्या तंत्राचे मूळ चेन्नईत जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांच्या प्रयोगात आहे. आयबीएमच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत २७ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या हाड-मांसावर एक्सायमर लेसर चालवला आणि आजूबाजूच्या पेशी न जाळता नेमका काप घेता येतो हे पाहिले. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ साली ते डोळ्याकडे वळवले. लॅसिकचे तंत्र १९९०च्या सुमारास ग्रीसच्या आयोनिस पॅलिकॅरिस यांनी रुळवले. लष्करी वैमानिकांसाठी तरीही बराच काळ नकारच होता: रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये, कॉकपिटच्या कोरड्या हवेत सुकणारे डोळे, आणि लॅसिकमध्ये पडद्याच्या वरच्या थराची उचललेली झडप इजेक्शनच्या झोतात सरकण्याची भीती. अमेरिकन नौदलात एफ-१४ चालवलेले नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन शालहॉर्न यांनी १९९०च्या दशकात पीआरकेचा अभ्यास करून हा नकार मोजमापाने सैल केला. अमेरिकन हवाई दलाने वैमानिकांसाठी लॅसिक २००७ साली मान्य केले.

हुबळीच्या उमेदवाराला निवड मंडळासाठी म्हैसूरला आणि वैद्यकीय तपासणीसाठी बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला जावे लागू शकते. तिथे शस्त्रक्रिया लपत नाही. पडद्याचा नकाशा ती दाखवतोच. म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख लिहिलेला रुग्णालयाचा कागद, आधीच्या चष्म्याच्या चिठ्ठ्या आणि शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे जपून ठेवावी लागतात. निकष अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शस्त्रक्रियेच्या आधी वाचावी.