निसर्गचित्राच्या चौकटीबाहेर कोणाला ठेवले?

'देखावा काढा' असे सांगितले की महाराष्ट्रातले कोणतेही मूल एकच चित्र काढते. मागे तीन डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, डोंगरातून खाली येणारी नदी, काठावर एक कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड. माण-खटावच्या ज्या गावात नारळ दिसतही नाही, तिथले मूलही नारळच काढते. चौदा एप्रिलच्या निमित्ताने वस्त्यांमध्ये चित्रकला स्पर्धा घेताना हे आम्ही दरवर्षी पाहतो. या देखाव्यात वस्ती नसते, विहार नसतो, पाण्यासाठी लागलेली हंड्यांची रांग नसते. आपली मुले आपल्याच गावाचे चित्र काढतात आणि त्यातून स्वतःला वगळतात.

हे त्यांना कोणी शिकवले? निसर्गचित्राचा प्रश्न सौंदर्याचा आहे, त्यात जात कशाला आणता, असे काही जण म्हणतील. त्यांना उत्तर द्यायचे तर आधी या चित्रप्रकाराचा इतिहास पाहावा लागेल. डोंगर-नद्या निसर्गाने दिल्या, पण 'देखावा' माणसाने रचला. तो रचणारा कुठे उभा होता आणि कोणाकडे पाठ करून उभा होता, हे तपासलेच पाहिजे.

चित्रांचीही उतरंड

निसर्गचित्र हा स्वतंत्र प्रकार म्हणून प्रथम बहरला तो चीनमध्ये. तिथे त्याला 'डोंगर-पाणी' अशाच अर्थाचे नाव आहे. पाचव्या शतकात झोंग बिंग या बौद्ध उपासकाने निसर्गचित्रावर लिहिलेला निबंध या विषयावरच्या जगातल्या सर्वांत जुन्या लेखनात मोडतो. पुढे तेराव्या शतकातला चीनचा मूची आणि पंधराव्या शतकातला जपानचा सेश्शू, हे दोघे निसर्गचित्रासाठी ओळखले जाणारे चित्रकार बौद्ध भिक्खू होते. धम्माच्या परंपरेत वाढलेल्या माणसांनी ही कला जोपासली, हे आपल्या तरुणांना सहसा कोणी सांगत नाही.

युरोपात मात्र या चित्रांना फार काळ मान नव्हता. 1667 मध्ये फ्रान्सच्या राजाश्रयी अकादमीतल्या फेलिबियाँ याने चित्रप्रकारांची उतरंड लावली. धार्मिक आणि ऐतिहासिक प्रसंगांची चित्रे सर्वांत वर, खाली व्यक्तिचित्रे, आणखी खाली निसर्गचित्रे, आणि तळाशी फळे-फुले व वस्तूंची चित्रे. ज्याने जो प्रकार निवडला त्याची प्रतिष्ठा त्यावरून ठरायची. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे, त्यामुळे ही रचना समजायला आपल्याला वेळ लागत नाही. फरक एवढाच की ती उतरंड दोनशे वर्षांत कोसळली. इंग्लंडच्या कॉन्स्टेबल आणि टर्नर यांनी निसर्गचित्राला मोठेपण दिले. 1841 मध्ये रंगाची धातूची नळी निघाली आणि चित्रकार रंग घेऊन उघड्यावर बसू लागला. 1874 मध्ये पॅरिसच्या दृक्प्रत्ययवाद्यांनी अकादमीला बाजूला सारून स्वतःचे प्रदर्शन भरवले. चित्रांची उतरंड माणसांनी ठरवून मोडली. माणसांची उतरंड मोडायला आपल्या देशाला अजून जमलेले नाही.

याच चित्रप्रकाराच्या पोटात जमिनीच्या मालकीचा प्रश्नही आहे. 1750 च्या सुमारास गेन्सबरोने एका इंग्रज जमीनदार जोडप्याचे चित्र काढले. नवरा-बायको एका बाजूला, बाकी सगळी त्यांची शेती. पेंढ्या बांधलेल्या दिसतात, पण त्या बांधणारा मजूर कुठेच नाही. जॉन बर्जर या समीक्षकाने 1972 मध्ये दाखवून दिले की हे चित्र निसर्गप्रेमाइतकेच मालकी हक्काचे आहे. जमीन दाखवायची आणि ती कसणारा लपवायचा, हा डाव तिथून सगळीकडे पसरला.

शनिवारवाड्यातली चित्रशाळा

भारतात हा प्रकार आला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठोपाठ. विल्यम हॉजेस 1780 मध्ये आला, मग थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे. त्यांनी 1795 ते 1808 या काळात भारतातल्या दृश्यांचे 144 छापील चित्रांचे संच काढले. 1791 मध्ये जेम्स वेल्स मुंबईत उतरला, तिथून तो पेशव्यांच्या दरबारात गेला. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट या स्थानिक कलावंताने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली.

कलेच्या इतिहासात हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. गंगाराम तांबटाचे कौतुक आम्हालाही आहे. पण त्याच पेशव्यांच्या पुण्याचे दुसरे चित्र बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये नोंदवले आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके आणि पाऊल पुसले जावे म्हणून कमरेला झाडू. ज्याच्या पावलाचा ठसा जमिनीवर राहू द्यायचा नाही, त्याला जमिनीच्या चित्रात जागा कशी मिळणार?

कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांना चित्रकला शिकवली जायची. त्यामागे रसिकता कमी आणि गरज जास्त होती. किल्ला कसा आहे, खिंड कुठे आहे, नदी कुठून उतरता येईल, हे कागदावर काढता आले की मुलूख ताब्यात ठेवणे सोपे जाते. मोजणी, नकाशा आणि निसर्गचित्र ही तिन्ही एकाच काळात या मातीत उतरली.

महाबळेश्वरचे 'पॉइंट'

सातारा जिल्ह्यातले याचे जिवंत उदाहरण म्हणजे महाबळेश्वर. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने 1828 पासून इथे गोऱ्यांसाठी थंड हवेचे ठिकाण वसवले. 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव दिले. नव्या वसाहतीला नाव दिले माल्कम पेठ. मग एकेक 'पॉइंट' निघाला. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, विल्सन, लॉडविक, बॅबिंग्टन. माल्कमच्या मुलीच्या नावाचा केट्स पॉइंट.

पॉइंट म्हणजे काय, याचा विचार करा. चित्रकार जिथे बैठक मांडतो ती जागा. इथे उभे राहा, इकडे तोंड करा, म्हणजे दरी 'चित्रासारखी' दिसेल, असे सांगणारी ती खूण आहे. तिथून कृष्णा-कोयनेची खोरी दिसतात, जावळीचे रान दिसते. त्या रानातल्या कोळी, कुणबी, धनगरांची नावे कोणत्याही पॉइंटला नाहीत. जंगलातल्या कोळशावर लोखंड गाळणारे धावड इथलेच. जंगल राखीव झाले तशा त्यांच्या भट्ट्या विझल्या. रान सुंदर दिसण्यासाठी त्यातला धूर आणि धूर करणारा माणूस दोघेही नकोसे झाले. आज पर्यटक त्याच पॉइंटवर मोबाईल धरून उभा राहतो. हात त्याचा, नजर माल्कमची.

घाटांची चित्रे आणि पाण्याचा हक्क

1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले, 1888 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. इथून मराठी निसर्गचित्रकारांची मोठी पिढी तयार झाली. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर, जलरंगातले एम. के. परांडेकर, आणि कोल्हापूरचे आबालाल रहिमान. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या आबालालांनी कोल्हापूरची संध्यामठ आणि कोटितीर्थाची दृश्ये रंगवली. ही चित्रे पाहताना मन शांत होते, हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत. त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्पही आहे. सातारा-सांगलीच्या तरुणांनी ते एकदा पाहावेच.

पण पाहताना प्रश्न विचारा. या चित्रकारांच्या आवडीचा विषय कोणता? घाट. वाईचा घाट, नाशिकचा घाट, नदीकाठची देवळे, पाण्यात पडलेले शिखराचे प्रतिबिंब. पाणी आणि देऊळ. नेमक्या याच दोन जागा आपल्या माणसांना बंद होत्या. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर आणि 2 मार्च 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर जो संघर्ष झाला, तो याच देखाव्यात शिरण्याचा संघर्ष होता. घाटाच्या चित्रात पाणी निळे-हिरवे असते. त्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही, हे रंगात दिसत नाही.

मसूर ते गोरेगाव

आता त्याच काळातले सातारा जिल्ह्याचे एक वेगळे दृश्य पाहा. 1901 चा उन्हाळा. वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळी काम म्हणून तिथे सरकारने तलाव खोदायला काढला होता. लहानगा भीम घरातल्या मुलांसोबत रेल्वेने मसूरला उतरला. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केले आणि मुलांनी गाडी स्वतः हाकायची असे ठरले, तेव्हा कुठे बैलगाडी मिळाली. वाटेत ओढा लागला, पण पाणी चिखलाचे, शेणामुताचे. रात्री टेकडीच्या पायथ्याशी टोलनाका, सुटलेल्या बैलगाड्या. पाणी मागितले तर मिळाले नाही. डबा जवळ असून मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहिले आहे.

ओढा, टेकडी, बैलगाड्या, रात्र. एखाद्या चित्रकाराने ही संध्याकाळ रंगवली असती तर ते सुंदर निसर्गचित्र झाले असते. गाडीत बसलेल्या तहानलेल्या मुलाला मात्र त्याच टेकडीचा अर्थ वेगळा कळला. दोघांच्या डोळ्यांपुढे तोच प्रदेश होता, पण पाण्यावर हक्क एकालाच होता.

सीमा जाणणारा माणूस

याहून मोठा विरोधाभास वतनाचा आहे. गावाच्या शिवेचा वाद झाला तर साक्ष महाराची मानली जाई. कुठला दगड कुठल्या हद्दीचा, ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कोणते झाड कोणाच्या बांधावर, हे त्याला पाठ असे. गावचा भूप्रदेश सर्वांत चांगला जाणणारा माणूस तोच. पण जमिनीचा तुकडा त्याच्याकडे आला तो वतनाच्या गुलामीच्या बदल्यात, हाडोळा म्हणून. त्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 ला मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने कायद्याने गेली ती 1959 मध्ये. ज्याला शिवार पाठ होते त्याच्या हातात ब्रश कधी आलाच नाही. आला असता तर त्याने कोणते चित्र काढले असते?

याचे अर्धे उत्तर सांगली जिल्ह्याने दिले आहे, शब्दांतून. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी वारणेचे खोरे साहित्यात आणले. 1959 ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यातले डोंगर, नदी, रान ही कथेमागची शोभा नाहीत. रान लपायला आहे, वाट पळायला आहे, आणि शिवारातले धान्य दुष्काळात मरणाऱ्या वस्तीचे आहे. उपाशी माणसाला निसर्ग कसा दिसतो, हे तिथे वाचायला मिळते. रंगांत तेच धाडस नागपूरच्या सवि सावरकरांनी केले. गळ्यातले मडके आणि झाडू त्यांनी थेट कॅनव्हासवर आणले. जे पुसायचे होते तेच त्यांनी चित्राच्या मध्यभागी ठेवले.

मग आपण काय करायचे?

निसर्गचित्र ब्राह्मणी आहे म्हणून ते फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे डोंगर-नद्यांवरचा आपला हक्क पुन्हा एकदा सोडून देणे. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी तो डोंगर निवडला, तेव्हा त्यांनाही समोरचे कृष्णा-कोयनेचे खोरे दिसत असेलच. हा मुलूख पाहण्याची आपली परंपरा माल्कमच्या पॉइंटपेक्षा कितीतरी जुनी आहे.

म्हणून मित्रांनो, वस्तीतल्या मुलांना पुढच्या वेळी कागद द्याल तेव्हा 'देखावा काढा' म्हणू नका. 'आपल्या घराच्या दारातून काय दिसते ते काढा' म्हणा. त्यात गटार येईल, ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर येईल, टँकर येईल, विहारावरचा निळा झेंडा येईल आणि मागे डोंगरही येईल. म्हाताऱ्या माणसांना विचारा की आपला हाडोळा कुठे होता, पाणवठा कुठला होता, शीव कुठून जायची. ते सांगतील तसे रेखाटून ठेवा, कारण ती माणसे संपली की तो नकाशाही संपेल. आणि 7 नोव्हेंबरला, ज्या दिवशी 1900 साली साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले, त्या दिवशी ही चित्रे विहाराच्या भिंतीवर लावा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सातारा-सांगली आपल्या डोळ्यांनी कशी दिसते ते कळू द्या.

जय भीम!