ली क्वान यू यांची शिकवणी

सिंगापूरला जाऊन आलेल्या बहुतेकांनी तेक्का मार्केट पाहिलेलं असतं. लिटल इंडियात शिरताना, सेरंगून रोडच्या तोंडाशीच आहे. मासळी, भाजी, डोसे, बिर्याणी, वरच्या मजल्यावर कपडे. 'तेक्का' हा शब्द तमिळ वाटतो, पण आहे होक्किएन, म्हणजे दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांतातून आलेल्या लोकांच्या भाषेतला. अर्थ साधारण 'बांबूचा बुंधा'. १९८० च्या दशकात बाजार नव्या इमारतीत गेला तेव्हा सरकारने तेच नाव मँडरिन उच्चारानुसार लिहिलं, 'जूज्याओ'. चिनी अक्षरं तीच, अर्थ तोच, फक्त उच्चार वेगळा. पण हे नाव लोकांच्या तोंडात काही बसेना. तिथे येणाऱ्या तमिळ आणि मलय गिऱ्हाइकांचे काय हाल झाले असतील ते सोडाच. शेवटी २००० साली पाटी परत 'तेक्का' झाली.

पाटी परत बदलता आली. माणसांच्या बाबतीत प्रकरण एवढं सोपं नव्हतं.

आधी एक गैरसमज दूर करू. सिंगापूरमध्ये चार लोकांमागे तीन चिनी वंशाचे, म्हणून त्यांची भाषा मँडरिन, असं आपण सहज धरून चालतो. १९५७ च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून मँडरिन सांगणारे लोक होते ०.१ टक्का. हजारात एक! होक्किएन ३० टक्के, तिओच्यू १७, कँटोनीज १५. सरकार यांना 'बोली' म्हणतं, पण बोली म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मालवणी किंवा वऱ्हाडी येते. तसं हे नाही. निव्वळ होक्किएन येणाऱ्याला निव्वळ मँडरिन येणाऱ्याचं बोलणं कळत नाही. मराठी आणि बंगालीत जेवढं अंतर, तेवढं समजा. मँडरिन ही उत्तर चीनमधली भाषा. सिंगापूरच्या चिनी शाळांत ती शिकवत, पण आई रागवायची ती होक्किएनमध्ये.

या गावाचा पुढारी व्हायला निघालेल्या ली क्वान यू यांना यातलं काहीच धड येत नव्हतं. जन्म १९२३. घराणं पेरानाकान, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मलायात मुरलेले चिनी. घरात इंग्रजी आणि मलय. आजीच्या आग्रहाने लहानपणी चिनी शाळेत घातलं, ते त्यांना मुळीच आवडलं नाही. मग इंग्रजी शाळा, रॅफल्स, केंब्रिज, बॅरिस्टरी. घरचं नाव हॅरी! १९५० साली परत आले ते वकील म्हणून. १९५४ मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीविरुद्ध चिनी शाळांतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या खटल्यात ली यांचा संबंध आला. आपल्याच वंशाची ही पेटलेली, शिस्तबद्ध पोरं आणि त्यांच्याशी बोलायला आपल्याला भाषा नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली. त्यांनी स्वतःच ते पुढे लिहून ठेवलंय.

१९५५ ची निवडणूक आली. विरोधकाने नेमकं वर्मावर बोट ठेवलं: ज्याला चिनी येत नाही, तो चिनी मतदारांचं काय प्रतिनिधित्व करणार? एका चिनी पत्रकाराने दोन परिच्छेद लिहून दिले, ते काही तास घोकून घेतले, आणि ली यांनी तीनेक मिनिटांचं पहिलं मँडरिन भाषण ठोकलं. वय एकतीस.

एकतीस म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचं वय. या वयात मँडरिन शिकणं म्हणजे काय, तर 'माई' हा उच्चार आवाज खाली नेऊन वर आणला तर 'विकत घेणे' आणि झटक्यात खाली टाकला तर 'विकणे'. असे चार सूर. लहान मूल ते बघता बघता उचलतं. मोठ्या माणसाला प्रत्येक शब्दाबरोबर सूर वेगळा पाठ करावा लागतो आणि महिनाभर बोललं नाही की गंज चढतो.

मँडरिन जरा रुळतेय तोवर १९६१ ची हाँग लिम पोटनिवडणूक आली. समोरचा उमेदवार होक्किएनमध्ये सभा गाजवणारा. म्हणजे आता होक्किएन! तिचे सूर आणखी जास्त, आणि पुढे दुसरा शब्द आला की मागच्याचा सूर बदलतो. रोज तासभर शिकवणी लावली. पहिल्या भाषणाला गर्दीतली पोरं त्यांच्या चुकांवर खिदळली. ली पंतप्रधान होते तेव्हा! पोटनिवडणूक त्यांचा पक्ष हरला, पण शिकणं चालू राहिलं. १९६३ मध्ये ते मतदारसंघ पालथे घालत मलय, इंग्रजी, मँडरिन आणि होक्किएन अशा चारही भाषांत बोलत होते. मला या माणसाच्या राजकारणातलं सगळंच पटतं असं नाही, पण इथे मात्र टोपी काढावी.

आता गंमत बघा. ज्या होक्किएनसाठी एवढा घाम गाळला, तीच त्यांनी हद्दपार केली.

१९६६ पासून शाळेत दोन भाषा सक्तीच्या होत्या: इंग्रजी आणि वंशानुसार ठरलेली 'मातृभाषा'. चिनी मूल असेल तर मँडरिन, घरी कुणी बोलत असो वा नसो. १९७९ चा गोह अहवाल म्हणाला, जेमतेम चाळीस टक्के मुलंसुद्धा दोन्ही भाषांत किमान पातळी गाठत नाहीत. ली यांचं निदान तयार होतं: मेंदूची क्षमता मर्यादित, घरात एक बोली आणि वर शाळेत दोन भाषा हे ओझं फार, सबब बोली काढा. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्ड डिस्क भरलीय, एक फोल्डर उडवा :) सप्टेंबर १९७९ मध्ये मोहीम सुरू झाली: मँडरिन जास्त बोला, बोली कमी. हाँगकाँगच्या कँटोनीज मालिका मँडरिनमध्ये डब होऊ लागल्या. रेडिओवरच्या बोलीतल्या कथा दोन-तीन वर्षांत बंद झाल्या. ली यांनी स्वतःही होक्किएन भाषणं थांबवली.

माझं मत असं, की इथे एका प्रौढ विद्यार्थ्याने स्वतःचा अनुभव सगळ्या देशाला लावला. होक्किएन घोकली की मँडरिन मागे पडते, हे तिशीत शिकणाऱ्या, दिवसाला एक तास मिळणाऱ्या माणसाचं खरं दुखणं आहे. पण आजीच्या मांडीवर होक्किएन ऐकणारं चार वर्षांचं पोर शिकवणी लावत नसतं. त्याचा कुठला तास वाया जात होता?

मोहीम यशस्वी झाली. १९८० मध्ये पाचातल्या चार चिनी घरांत बोली होत्या, २००० पर्यंत जेमतेम तिनातल्या एका घरात. मँडरिन दहा टक्क्यांवरून पंचेचाळीसवर गेली. या दोन आकड्यांच्या मध्ये कितीतरी आज्या अशा होत्या, ज्यांना नातवाशी 'जेवलास का', 'ये', 'झोप' यापलीकडे बोलता येईना. नातू इंग्रजी-मँडरिनवाला, आजी होक्किएनवाली. त्यांच्यामध्ये दुभाषा म्हणून आईबाप. गोष्टी, शिव्या, म्हणी, माहेरच्या कागाळ्या, सगळं दुभाष्यापाशी अडलं. जनगणनेत याला रकाना नसतो.

मग मँडरिनलाच उतार लागला. १९८७ पर्यंत सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या होत्या. चिनी माध्यमाचं नानयांग विद्यापीठ, ज्यासाठी सायकलरिक्षावाल्यांनीसुद्धा पैसे दिले होते, १९८० मध्येच विलीन करून टाकलं होतं. पोट इंग्रजीवर भरणार म्हटल्यावर घरातही इंग्रजी आली. एकूण लोकसंख्येत घरी मुख्यतः मँडरिन बोलणारे २०१० मध्ये ३५.६ टक्के होते, २०२० मध्ये २९.९. इंग्रजी ४८.३, बोली ८.७. बोलींनी मोकळी केलेली जागा शेवटी इंग्रजीने घेतली.

जाता जाता, आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट. तिथल्या 'मातृभाषा' विषयात भारतीयांसाठी आधी फक्त तमिळ होती. नंतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दूची सोय झाली. मराठीची नाही. त्यामुळे तिथली मराठी पोरं 'मातृभाषा' म्हणून सहसा हिंदीचा पेपर देतात, काही जण चक्क मँडरिनचा.

ली मात्र शिकत राहिले. पदावरून उतरल्यावर, ऐंशी उलटल्यावरही शिक्षक लावून मँडरिन बोलत राहिले. २००५ मध्ये त्यांच्या या शिकण्यावर एक पुस्तक आलं, २०११ मध्ये द्विभाषिक धोरणावर त्यांचं स्वतःचं. २००९ च्या एका भाषणात त्यांनी कबूल केलं, की शाळांत चिनी शिकवण्याची पद्धत सुरुवातीपासूनच चुकली आणि मुलांच्या पिढ्यांनी त्याची किंमत मोजली. बोली काढल्या ते चुकलं, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

मार्च २०१५ मध्ये ते वारले. २०१६ मध्ये सरकारी योजनांची माहिती म्हाताऱ्या लोकांपर्यंत पोचेना म्हणून त्याच टीव्हीवर एक होक्किएन मालिका लागली. नाव होतं 'जेवलात का?' अशा अर्थाचं.